मुगाचं धिरडं आणि १५ हजारांची प्लेट
सोलच्या ग्वांगजांग मार्केटचं ‘बिंदेत्तॉक’ म्हणजे आपल्या मुगाच्या धिरड्याचा जाडजूड कोरियन भाऊ. खरपूस, तेलकट, भारी! पण नोव्हेंबर २०२३ मध्ये हा बाजार गाजला तो बिलामुळे. एका कोरियन यूट्यूबरने परदेशी मित्रांना तिथे नेलं. ‘मोदुम जॉन’ची, म्हणजे तव्यावर तळलेल्या तुकड्यांची, इवलीशी प्लेट १५ हजार वॉनला. साधारण साडेनऊशे रुपये!

गोम अशी, की भाव पाटीवर होता; किती मिळणार ते नव्हतं. स्थानिक माणूस प्लेट बघून भांडतो, पाहुण्याला वाटतं इथे एवढंच देत असतील. व्हिडिओ व्हायरल झाल्यावर सोल प्रशासन हललं: वजन किंवा नग लिहा, कार्ड घ्या, शिवाय गुपचूप ग्राहक पाठवून तपासणी.

जाणार असाल तर आधी पाटी बघा. आणि व्हेजवाल्यांनो, विचारून घ्या. या धिरड्यात बरेचदा डुकराचं मांस असतं.