राणीला आंघोळ नको!

गेल्या दिवाळीत आजीने तिची पोटली माझ्या हातात दिली. आत अकरा रुपये. म्हणजे खरेखुरे, चांदीचे! सात राणीछाप, चार राजाछाप. काळपट, कडेला निळी-जांभळी झाक, एकावर तर कित्येक लक्ष्मीपूजनांचं कुंकू चिकटलेलं. ‘अरे, जरा लखलखीत कर बघू,’ आजी म्हणाली. आपण पडलो आज्ञाधारक नातू. टूथपेस्ट घेतली, जुना ब्रश घेतला आणि दहा मिनिटांत पहिल्या राणीला चकाचक करून टाकलं. सॉलिड खूश!

ही खुशी शनिवारपर्यंत टिकली. पेठेतल्या एका नाणीवाल्या काकांनी भिंगातून एकदाच पाहिलं आणि विचारलं, ‘घासलंत ना, साहेब?’ मी मान डोलावली. ‘हे आता चांदीच्या भावात जाईल. बाकीच्या दहांना हात लावू नका.’

पोपट!

तर फंडा असा आहे. नाण्यावरचा काळेपणा हा मळ नसतो. हवेतल्या गंधकाशी चांदीची गट्टी जमते आणि वर सल्फाइडचा पातळ थर बसतो. तो थर नाण्याच्याच चांदीतून बनलेला असतो, त्यामुळे घासून काढलात की चांदीही गेली. शिवाय टूथपेस्टचे बारीक कण ओरखडे पाडतात. टांकसाळीत ठसा बसताना नाण्याला जी चमक येते ती एकदा गेली की कुठलाही सोनार परत आणू शकत नाही. नेटवर मिळणारी सोडा आणि अॅल्युमिनियम फॉइलची युक्ती ओरखडे पाडत नाही, पण वर्षानुवर्षं चढलेला रंग घालवते. आणि संग्राहक अनेकदा त्या रंगाचेच पैसे मोजतात. कुंकू, तेल, माती काढायची असेल तर कोमट पाणी, एखादा थेंब सौम्य साबण, मग स्वच्छ पाणी आणि मऊ कापडावर नुसतं टिपणं. नाणं कडेने धरा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो.

आता बाबांचा किस्सा. रिटायर झाल्यापासून दुपारचा टीव्ही त्यांच्याच ताब्यात आहे. एका चॅनेलवर बाई ओरडत होती, ‘दुर्मिळ ऐतिहासिक चांदीचा संच, शेवटचे फक्त वीस!’ कोपऱ्यात आकडा भराभर उतरत होता. बाबांनी फोन लावला. मखमली डबीत तीन रुपये आले: 1862 चा, 1944 चा आणि वाघाचा 1947 चा.

डबी झक्कास होती. बाकी हिशेब ऐका. 1862 हे साल नंतरची बरीच वर्षं नाण्यांवर तसंच छापत राहिले, त्यामुळे ही राणी बाजारात ढिगाने सापडते. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली होती. आणि 1947 चा रुपया चक्क निकेलचा. आमच्या फ्रिजच्या मॅग्नेटला टुणकन चिकटला! बाबांचा चेहरा बघवत नव्हता. मोजलेले पैसे तिन्ही नाण्यांतल्या चांदीच्या जवळपास चौपट होते.

हा धंदा आपल्याकडचाच आहे असं नाही. अमेरिकेत 1921 चे मॉर्गन डॉलर टीव्हीवर ‘खजिना’ म्हणून विकले गेले आहेत. त्या साली ते कोट्यवधींनी पाडले होते, बोला!

म्हणून फोन लावायच्या आधी कॅल्क्युलेटर काढा. 1939 पर्यंतच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी साधारण 10.7 ग्रॅम. 1940 नंतरच्या चांदीच्या रुपयात 5.83. आजच्या भावाने गुणा. त्याच्यावर जे मागताहेत ते कशाचे, हे विचारा. ‘1939 चा रुपया’ कुणी स्वस्तात देत असेल तर लगेच लांब व्हा. तो खरोखर दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला मुबलक आहेत. उलटा प्रकारही चालतो: ‘तुमचं जुनं नाणं लाखांना घेतो, आधी फी भरा.’ रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे फोन येत होते, म्हणून 2021 मध्ये बँकेलाच जाहीर सांगावं लागलं की आम्ही असले व्यवहार करत नाही.

बाबांनी डबी शोकेसमध्ये ठेवली आहे, पाहुण्यांना दाखवत नाहीत. उरलेली दहा नाणी मी कागदी पाकिटांत घातली. आजीला मात्र माझी घासलेली राणीच आवडते. यंदाही पूजेच्या ताटात मधोमध तीच असणार.