पड ओढणाऱ्याची नोंद विद्यापीठे कधी घेणार?

2022 साली लम्पी रोगाने महाराष्ट्रातील जनावरे पटापट मरू लागली, तेव्हा मदत जाहीर झाली. दुभत्या गायीला 30 हजार रुपये, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. ही मदत मालकाला होती, आणि ती मिळायलाच हवी. पण फुगलेली पड गावाबाहेर नेऊन खोल खड्ड्यात पुरणारे हात कोणाचे होते? त्या हातांना साधे मोजे तरी मिळाले काय? असा तक्ता आमच्या पाहण्यात आलेला नाही.

विज्ञानाने आपले काम केले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. रांचीच्या जनावरांत 2019 मध्ये सापडलेल्या विषाणूपासून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या साथीने लम्पीची देशी लस तयार केली. ही इज्जतनगरची संस्था अभिमत विद्यापीठच आहे. ज्या बुळकांडीने एके काळी गोठेच्या गोठे ओस पाडले, तिच्यातून 2006 साली भारत मुक्त ठरला आणि 2011 साली सारे जग. देशाच्या ताटातले दूध, अंडी, मटण निर्धोक राहावे यासाठी लागणारे ज्ञान अशाच संस्थांतून येते. आमचे भांडण या ज्ञानाशी नाही. ते गावाच्या वेशीशी येऊन थांबते, याच्याशी आहे.

काळपुळीचेच घ्या. इंग्रजीतला अँथ्रॅक्स तो हाच. या रोगाने मेलेले जनावर फाडू नये, सोलू नये, असे पशुवैद्यकशास्त्र बजावते. कारण शरीर उघडून जंतूंना हवा लागली की ते बीजाणू बनतात आणि मातीत कित्येक दशके टिकून राहतात. मग पहिला धोका कोणाला? सोलणाऱ्याला! मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली. आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असे तिने ठराव करून सवर्णांना सांगितले. तो ठराव माणुसकीसाठी होता. आज पशुवैद्यकशास्त्र रोगाच्या कारणाने नेमके तेच सांगते. गावगाड्याने मात्र ना ठराव ऐकला, ना शास्त्र. उलट 2016 साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या आमच्या तरुणांना भर रस्त्यात झोडपले. जे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले, तेच केले म्हणून मार! मग सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे दलितांनी मेलेली ढोरे आणून टाकली, तेव्हा कुठे साहेबांच्या नाकाला पडीचा वास लागला.

रोग केवळ पडीतूनच येतो असेही नाही. दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढणारी, व्यालेल्या गायीची वार उचलणारी मजूर बाई ब्रुसेलोसिसच्या तोंडीच उभी असते. ताप येतो, जातो, पुन्हा येतो, सांधे धरतात. दवाखान्यात तिला मलेरियाच्या नाहीतर टायफॉइडच्या गोळ्या मिळतात. तिचे रक्त या रोगासाठी तपासावे, हे डॉक्टरला सुचतच नाही.

आणि शेळी? भूमिहीनाची तीच बँक. शेळ्यांच्या पीपीआर रोगावर इज्जतनगरच्या संस्थेने आणि तामिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने लसी काढल्या, आणि त्या चांगल्या आहेत. पण एका कुपीत अनेक शेळ्यांचे डोस असतात आणि एकदा द्रावण केले की ते काही तासांत संपवावे लागते. वस्तीतल्या चार शेळ्यांसाठी कुपी कोण फोडणार? ती बागायतदाराच्या मोठ्या कळपाकडे जाते. छोट्या कुप्या, वस्तीवार ठरलेला दिवस, एवढ्याने हे सुटू शकते. यात फार मोठे संशोधनही लागत नाही.

नागपुरात 2000 सालापासून पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याच शहरात 11 डिसेंबर 2022 रोजी माणूस आणि जनावर यांच्या सामाईक रोगांसाठी राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली. या दोघांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. जनावरांच्या रक्ताचे नमुने घेता, तसे पड उचलणारे सफाई कामगार, खाटीक, चामडे कमावणारे आणि गोठ्यातल्या मजूर बाया यांचेही घ्या. निकाल त्यांना मराठीत, लेखी द्या. आमच्यातले जे तरुण पशुवैद्यक होऊन नोकरीला लागले आहेत, त्यांनी ही मागणी विद्यापीठाच्या बैठकांत नेटाने मांडावी.