बिऱ्हाड हलते, शाळेचे काय?

‘मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडले’ हे वाक्य आपल्या सातारा शहरात जितक्या घरांतून ऐकू येते, तितके दुसरे क्वचितच येत असेल. माणचा दुष्काळ असो, पाटणच्या डोंगरातली तुकड्यातुकड्यांची शेती असो की मुंबईतली न परवडणारी खोली असो, नातेवाइकांना सांगायचे कारण हे एकच! ते खोटे नसते. पण गंमत अशी की, ज्या शिक्षणासाठी गाव सोडले त्या शिक्षणाचा विचार सर्वांत कमी होतो. खोलीचे भाडे किती, नळाला पाणी किती वेळ, कामावर जायला किती अंतर, हे आपण दहा ठिकाणी विचारतो. शाळा मात्र शेजारच्या काकू सांगतील ती!

यावर आपल्याकडील सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले आहे. ‘पालकांमध्ये जागृती नाही.’ हे उत्तर मला मान्य नाही. या लेखाचा प्रपंच त्यासाठीच.

शहरात बिऱ्हाड घेऊन येणारी माणसे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिली, बदलीवर येणारी. बँकेतले, कचेरीतले साहेब. त्यांना शाळा शोधावी लागत नाही. रुजू होण्यापूर्वीच ऑफिसातले सहकारी चार शाळांची नावे, फी आणि मुख्याध्यापकांचा स्वभावसुद्धा सांगून मोकळे होतात. दुसरी, मुंबई-पुण्याहून परत येणारी. १९८२ च्या गिरणी संपानंतर अशी पुष्कळ कुटुंबे जिल्ह्यात परतली, २०२० च्या टाळेबंदीतही परतली. त्यांना निदान शहराची भाषा येते. तिसरी आमच्यासारखी, खेड्यातून थेट आलेली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. औद्योगिक वसाहतीत वडिलांना काम मिळाले ते मुकादमाच्या ओळखीने, खोली मिळाली तीही त्याच्याच ओळखीने. मग शाळा कोणाला विचारायची? त्यालाच! माहिती ही ओळखीच्या मागोमाग चालते. ज्याच्या ओळखी लहान, त्याच्या मुलांपुढची निवडही लहान. याला जागृतीचा अभाव म्हणणे म्हणजे तहानलेल्याला ‘तुला पाण्याचे महत्त्व कळत नाही’ असे सांगणे होय.

वास्तविक बाहेरून आलेल्यांच्या मुलांना शिकवणे हा या गावाचा जुना धर्म आहे. सुभेदार रामजी आंबेडकर लष्करातून निवृत्त झाले, कुटुंब काही काळ दापोलीस राहिले आणि पुढे नोकरीनिमित्त साताऱ्यास आले. म्हणजे तेही एक हललेले बिऱ्हाडच! त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झाले. वर्गात त्याला काय सोसावे लागले ते सर्वांना ठाऊक आहे. तरीही ते नाव पटावर चढले ही घटना एवढी मोठी की २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. मुंबईला बिऱ्हाड हलवण्यापूर्वीची ती सातारची चार वर्षे नसती तर? असा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येतो.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. त्यांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये तिचा मुक्काम साताऱ्यास आणला. त्यांनी आधी काय उघडले? वसतिगृह! खेड्यातल्या पोराला शहरात शाळा मिळून भागत नाही, त्याला राहायला जागा आणि खायला भाकरी लागते, हे त्यांना नेमके कळले होते. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपण जयंतीला हे सारे भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. पण आज एखाद्या खोलीत गाठोडे सोडणाऱ्या कुटुंबाला ‘तुमच्या मुलीचे नाव कुठे घातले?’ असे कोण विचारतो?

हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही म्हणजे काय होते, ते मी घरात पाहिले आहे.

२०१६ च्या दिवाळीनंतर आम्ही माण तालुक्यातून साताऱ्यात आलो. मी चौथीत होते, माझी बहीण सातवीत. मी नगरपालिकेच्या शाळेत गेले. तेथील बाईंनी मला त्याच दिवशी वर्गात बसवले आणि दाखला मागवण्याचे पत्र स्वतः लिहून गावी पाठवले. बहिणीला वडील एका अनुदानित हायस्कुलात घेऊन गेले. तेथे सांगण्यात आले, आधी दाखला आणा. गावाकडची शाळा म्हणाली, नव्या शाळेचे मागणीपत्र आणा, मग दाखला देऊ. वडिलांनी चार खाडे केले. पाचव्या खाड्याला काम गेले असते. ‘आता जूनमध्येच या,’ असे शेवटी सांगण्यात आले. बहीण दिवाळीपासून जूनपर्यंत घरी बसली. जूनमध्ये तिला पुन्हा सातवीतच बसवले, तिच्याहून लहान मुलींमध्ये. आठवी झाली आणि तिने शाळा सोडली. आज ती शिवणकामाच्या दुकानात मशीन चालवते. माझ्या फीमध्ये तिच्या मशीनचे पैसे असतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क त्याच्या पाचव्या कलमाने दिला आहे. जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यावयाचा आहे. दाखल्याला उशीर झाला, या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही व नाकारताही येत नाही. दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. चौदाव्या कलमाप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. पंधराव्या कलमाप्रमाणे प्रवेशाची मुदत संपली तरी दार बंद करता येत नाही.

म्हणजे दोन्ही शाळांचे चुकले होते आणि माझ्या वडिलांचे बरोबर होते! कायदा त्यांच्या बाजूने उभा होता. फक्त तो त्यांना भेटला नाही. हे कलम मी पहिल्यांदा वाचले ते आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात, बहिणीची शाळा सुटून कित्येक वर्षे झाल्यावर.

असेच आणखी काही बारकावे आहेत, आणि ते कळण्याच्या वेळी कोणी सांगत नाही. नवोदय विद्यालयाचेच घ्या. सहावीच्या प्रवेशात निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. चौथीतल्या हुशार मुलाला घेऊन शहरात आलेला बाप नकळत त्याचा ग्रामीण हक्क गावीच टाकून येतो. सैनिक शाळेचेही तसेच. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली ती आपल्याच साताऱ्यात. तेथे सहावीत किंवा नववीतच प्रवेश, तोही परीक्षेने आणि वयाच्या अटीत बसून. मुलींनाही आता दार उघडले आहे. पण सातवीत गावात आलेल्याला त्याचा लगेच काय उपयोग? खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांची फार चर्चा होते. तो प्रवेश मात्र शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच मिळतो. चौथीतल्या मुलाला घेऊन आलेल्या कुटुंबासाठी तो रस्ता नाहीच.

जातीच्या दाखल्याचा घोळ तर विचारूच नका. माणूस राहतो येथे, पण दाखला काढायचा वाडवडिलांच्या मूळ तालुक्यातून. पुरावाही ठरलेल्या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. दहावीनंतर धावपळ करण्यापेक्षा गाव सोडतानाच आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला नाहीतर गावनमुन्यातला उतारा ट्रंकेत टाकला तर केवढा त्रास वाचेल! हे कोणी सांगितले पाहिजे की नाही?

आता माध्यमाविषयी. शहरात आलो म्हणजे इंग्रजी माध्यम हवेच, अशी एक हवा आहे. फलकावर ‘इंटरनॅशनल’ लिहिले, मुलाला टाय बांधला की शिक्षण झाले! या हौसेची टिंगल मी करणार नाही, कारण तिच्यामागे भीती आहे. आपल्या वाट्याला आले ते पोराच्या वाट्याला येऊ नये, ही ती भीती. परंतु ज्या घरात आईला मुलाची वही वाचता येत नाही, त्या घरात शिकवणीवाल्याचे पैसे फीइतकेच होतात. आणि एखाद्या वर्षी फी थकली की टाय उतरतो, मूल पुन्हा मराठी शाळेत येते आणि धड इकडचे ना तिकडचे होते. आपल्या अनेक मराठी शाळांत सेमी-इंग्रजीची सोय आहे. गणित व विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. आमच्यासारख्यांना हा मधला रस्ता झेपणारा आहे, असे माझे मत आहे. ज्यांना इंग्रजी माध्यमच हवे त्यांनी जरूर घ्यावे. मात्र फलक पाहण्यापूर्वी शाळेची मान्यता पाहावी, तिचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक विचारावा, शिक्षक दरवर्षी बदलतात का हे शिपायाला विचारावे. शिपाई खरे सांगतो!

दहावीनंतरच्या वाटा आपणा सर्वांस ठाऊक आहेत, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. १९४७ साली निघालेले छत्रपती शिवाजी कॉलेज आणि तेथली ‘कमवा आणि शिका’ योजना, कराडचे १९६० चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आय. टी. आय., २०२१ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. लहान शहराच्या मानाने हे थोडेथोडके नाही. पण २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम कसा भरायचा हे ज्याला कोणी सांगत नाही, तो सायबर कॅफेवाल्याच्या पसंतीने कॉलेजात जातो. दारे वाढली, तशा दारांच्या कड्याही वाढल्या.

काही प्राध्यापक मंडळी म्हणतील, हे काम शिक्षण खात्याचे आहे. मान्य. खात्याने ते केलेच पाहिजे. दुसरे कोणी म्हणतील, लोकांनी खेडी सोडूच नयेत. ज्यांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्यांनी हा उपदेश जरूर करावा! पण बिऱ्हाडे येतच राहणार, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या मुलीचे वर्ष खात्याच्या परिपत्रकाची वाट पाहत थांबत नाही.

म्हणून मी आपल्याच कॉलेजपुढे एक साधी मागणी ठेवते. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण शिबिरे घेतो, झाडे लावतो, रस्ते झाडतो. हे चांगलेच आहे. त्याच योजनेतून मे-जूनमध्ये आणि दिवाळीनंतरचे पंधरा दिवस कॉलेजच्या फाटकाशी एक टेबल व दोन खुर्च्या मांडाव्यात. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर दुसरे टेबल असावे. तेथे दोन विद्यार्थी, शहरातल्या शाळांची माध्यम-फी-अंतरासह यादी आणि पाचव्या कलमाची मराठी प्रत एवढेच ठेवायचे. कोणाला दाखल्यावाचून परत पाठवले असेल तर आपल्यापैकी एकाने त्या पालकाबरोबर शाळेत जायचे, नम्रपणे कलम दाखवायचे आणि तरीही न ऐकल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज लिहून द्यायचा. याला पैसा लागत नाही. थोडा वेळ आणि थोडे धैर्य लागते.

आपल्या वर्गात माझ्यासारखे कितीतरी जण आहेत, ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे. पदवी मिळाल्यावर आपल्याला नोकरी लागेल की नाही, याची चर्चा आपण कँटीनमध्ये रोज करतो. परंतु एक गोष्ट पदवीपूर्वीच आपल्या हाती आली आहे. आपल्याला अर्ज लिहिता येतो, कायदा वाचता येतो, टेबलापलीकडच्या माणसाशी न घाबरता बोलता येते. आपल्या आईबापांजवळ नेमके हेच नव्हते. येत्या जूनमध्ये ते टेबल मांडले गेले, तर पहिल्या खुर्चीवर बसायला मी तयार आहे. दुसऱ्या खुर्चीसाठी नावे हवी आहेत.