आधी दार टांगा



मागच्या दिवाळीत मोहगावला गेलो, तेव्हा बाबांची 1986 ची पद्मिनी शेडमध्ये संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांखाली दबून उभी होती. बाबा म्हणाले, “भंगारवाला बावीस हजार देतोय. होळीपर्यंत थांबतो. जमलं तर कर, नाहीतर देऊन टाकू.” याच गाडीतून ते मला बी.ई.च्या प्रवेशासाठी नागपूरला घेऊन गेले होते. मी लगेच हो म्हणालो.

तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी फक्त सिनेमातच पाहिली असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनू लागली आणि 1974 मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. 30 ऑक्टोबर 2023 ला तिथल्या रस्त्यावरून ती टॅक्सी म्हणून कायमची उतरली.

आमच्या गाडीचं इंजिन थोड्या खटपटीनं सुरू झालं, पण खरा आजार पत्र्याचा होता. दाराखालची लांब पट्टी, जिला डेंटर लोक रनिंग बोर्ड म्हणतात, ती गंजून बोटानं फुटत होती. पुढचं फेंडरही गेलेलं होतं. मला वाटलं, जुना पत्रा कापायचा, मापाचा नवा लावायचा, त्यात काय एवढं? अडचण नको म्हणून दारं काढून ठेवली, पट्टी पूर्ण कापली आणि नवी पट्टी गावातल्या वेल्डरकडून जोडून घेतली. मग दार टांगलं, तर ते लागेचना. खाली बोटभर फट आणि वर मागचा कोपरा चौकटीला अडकलेला.

सौसरहून एक जुने डेंटरकाका आले. दार दोनदा ढकलून पाहिलं आणि म्हणाले, “काहून घाई करून राहिला बाबू? आधी दार टांगायचं, मंग वेल्डिंग.”

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तिची बॉडीच सगळं वजन पेलते आणि त्यात ही पट्टी म्हणजे घराची तुळई. गाडी पुढच्या-मागच्या टोकांवर उभी असताना मी तुळई कापली, त्यामुळे मधला भाग खाली बसला आणि दाराची चौकट वरून आवळली गेली. नव्या पट्टीनं ती तशीच पक्की करून टाकली. पट्टी मापात होती, गाडी मापात नव्हती.

दोन दिवसांचं वेल्डिंग कापावं लागलं. काकांनी मध्यभागी लाकडी फळी ठेवून जॅक थोडाथोडा चढवला आणि दाराच्या वरची फट सारखी झाल्यावर थांबवला. मग आतल्या बाजूनं दोन खांबांमध्ये लोखंडी अँगल तात्पुरता जोडला, तोही दार बंद होईल असा. त्यानंतर नवी पट्टी क्लॅम्पनं धरून फक्त टाके मारले.

पुढचा क्रमही त्यांनीच शिकवला. जे हलत नाही तिथून सुरुवात करायची. मागचा पत्रा बॉडीला पक्का असतो, म्हणून मागचं दार त्याच्याशी जुळवायचं, पुढचं दार मागच्या दाराशी, फेंडर पुढच्या दाराशी आणि शेवटी बॉनेट फेंडरशी. पुढून सुरुवात केली तर सगळी चूक गोळा होऊन अशा जागी येते, जिथे काही हलवताच येत नाही. दार जुळवताना चौकटीवरची लॉकची खिट्टी काढून ठेवायची, नाहीतर दार आपल्या जागी बसतंय की खिट्टी त्याला उचलतेय, हे कळत नाही. फट मोजायला आम्ही चार मिलिमीटरचं ड्रिल बिट फिरवत होतो. नवं रबर लावूनही एकदा दार बंद करून पाहायचं, कारण जाड रबर दाराला बाहेर ढकलतं.

सगळं जुळल्यावरच पक्कं वेल्डिंग. तेही सलग नाही. एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, नाहीतर उष्णतेनं पत्रा वाकतो. मी म्हटलं, “थोडा फरक राहिला तर पुट्टीनं भरू.” काका हसले, “पुट्टी चेहऱ्याले लावाची असते, हाडाले नाही.” जाड पुट्टी हादऱ्यांनी तडकते आणि तिच्याखाली पुन्हा गंज चढतो.

ऑफिसात आम्ही रोज टेस्टिंगच्या गोष्टी करतो. शेडमध्ये मात्र मी टेस्ट न करताच सगळं पक्कं केलं होतं. फरक इतकाच, की इथे चूक मागे घ्यायला ग्राइंडर लागतो.

होळीच्या आदल्या दिवशी गाडीला रंग नव्हता, नुसता राखाडी प्रायमर. बाबा काठी टेकत शेडमध्ये आले, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि दोन बोटांनी लोटलं. ‘टक्’ आवाज झाला. त्यांनी परत उघडलं, परत लोटलं. असं चार-पाच वेळा. मग खिशातून फोन काढून भंगारवाल्याला सांगितलं, “नाही भाऊ, गाडी द्यायची नाही.”

तुमच्याही गावच्या घरी अशी एखादी गाडी उभी असेल, तर कापायला ग्राइंडर उचलण्याआधी सगळी दारं एकदा लावून, उघडून पाहा. फटींचे फोटो काढून ठेवा. आणि जवळचा एखादा जुना डेंटर शोधा, चूक करायच्या आधी.

भेटू पुढच्या महिन्यात.