हौसेचे माप : लांब फळी की प्रवासाला सोयीची?

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. आवाज रडवेला. "वहिनी, हे म्हणतायत, फळी विकून टाकू या."

फळी म्हणजे विळीची नव्हे हं! समुद्राच्या लाटांवर उभे राहायचा सर्फबोर्ड. तोही चांगला साडेनऊ फूट लांब.

भावोजी सहा वर्षे गोव्यात नोकरीला होते. मुलगा शिकायला चेन्नईला गेला, घर रिकामे झाले आणि जाऊबाई वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी सर्फिंग शिकायला लागल्या. आमच्या सासूबाईंनी आधी कपाळाला हात लावला, मग "पोहता येतं ना नीट?" एवढेच विचारले. पहिल्यांदा लाटेवर उभ्या राहिल्या, त्या रात्री जाऊबाई मला म्हणाल्या होत्या, "पाच-सहा सेकंदच हो वहिनी. पण तेवढ्यात मला डबा, दूध, इस्त्री काही काही आठवलं नाही."

मग भावोजींची बदली पुण्याला झाली. तिसरा मजला. फळी लिफ्टमध्ये मावेना, जिन्याच्या वळणावर अडकली, शेवटी गॅलरीत तिरकी उभी राहिली आणि वाळत घातलेल्या कपड्यांना जागा उरली नाही. भावोजींचेही चुकत नव्हते. पण "विकून टाकू" हे शब्द ऐकून जाऊबाईंना वाटले, आपले ते पाच-सहा सेकंदच कोणी भंगारात काढतंय.

मी म्हटले, "अगं, विकायची का ठेवायची एवढे दोनच प्रश्न कशाला? मोठं पातेलं अडचणीचं झालं म्हणून आपण स्वयंपाक सोडतो का? लहान पातेलं घेतो."

मग आम्ही दोघी माहिती काढायला बसलो. तुमच्यापैकी कोणाची मुलगी, सून किंवा तुम्ही स्वतः या छंदात असाल, तर उपयोगी पडेल.

आधी हे समजून घ्या की लांब फळी वाईट नाही. नऊ फूट किंवा त्याहून मोठ्या फळीला लाँगबोर्ड म्हणतात. ती पाण्यावर छान तरंगते, हातांनी वल्हवताना सरळ जाते, लाट फुटायच्या आधीच तिला पकडते आणि उभे राहताना डुगडुगत नाही. म्हणून तर शिकवताना तीच देतात. जुन्या काळी हवाई बेटांवर 'ओलो' नावाच्या लांबलचक लाकडी फळ्या तिथल्या सरदारांच्या असत आणि 'अलाया' नावाच्या आखूड फळ्यांवर सामान्य लोक लाटा घेत, त्यांत बायकाही असत. तेव्हा आखूड फळी म्हणजे काही कमीपणा नव्हे!

पण घाईने अगदी सहा फुटांची अरुंद, टोकदार फळी घेऊ नका. ती तरबेज तरुणांसाठी. आपल्यासारखीला तिच्यावर लाटच मिळत नाही. नुसते वल्हवून खांदे दुखतात, आणि मग माणूस म्हणतो, "आपलं वय झालं." वय नव्हे, फळी चुकलेली असते.

मधला मार्ग म्हणजे सात ते आठ फुटांची, गोल नाकाची, रुंद फळी. तिला मिनी-माल किंवा मिड-लेंग्थ म्हणतात. 'फिश' नावाचा आणखी एक आखूड, पसरट, माशासारख्या दुभंगलेल्या शेपटीचा प्रकार आहे. स्टीव्ह लिस यांनी तो अमेरिकेत सॅन दिएगोला 1967 च्या सुमारास, गुडघ्यांवर बसून लाटा घेण्यासाठी घडवला. लहान लाटांत तो छान चालतो, पण हात बसल्यावरच घ्यावा.

घेताना या गोष्टी पाहा :

1. नुसती लांबी पाहू नका, आकारमान विचारा. ते लिटरमध्ये सांगतात. नवशिकीने आपले वजन जितके किलो, साधारण तितक्या लिटरच्या आसपास राहावे, फार खाली उतरू नये. जाऊबाईंचे वजन 58 किलो. जुनी फळी सत्तर लिटरची होती, नवी 52 लिटरची घेतली.

2. लांबी कमी केली की रुंदी आणि जाडी सांभाळा. साडेसात फुटी फळी मध्यभागी साडेएकवीस-बावीस इंच रुंद आणि पावणेतीन इंच जाड असावी.

3. फळीचा बाक पाहा. नाक फार वर वळलेले असेल तर ती पाणी ढकलत बसते. जरा सपाट असलेली लवकर लाट पकडते.

4. खालचे कल्ले, म्हणजे फिन, स्क्रूने निघणारे हवेत. प्रवासात पहिले मोडतात ते तेच. त्यांची किल्ली पिशवीला बांधून ठेवा, नाहीतर किनाऱ्यावर शोधाशोध!

5. इपॉक्सीची फळी वजनाला हलकी आणि धक्के जास्त सोसणारी. ने-आण करायची तर ती बरी.

6. घ्यायच्या आधी घरी टेप लावा. लिफ्ट, जिन्याचे वळण, पलंगाखालची जागा, गाडीची पुढची सीट आडवी करून होणारी लांबी, सगळे कागदावर मांडा. कपाट घेताना आपण हे करतोच ना? शिवाय फळी काखेत धरून शंभर पावले चालून पाहा. हात पलीकडच्या कडेला पोचला पाहिजे. दर वेळी उचलायला कोणीतरी लागले की छंद दुसऱ्याच्या सवडीवर जातो.

विमानाने न्यायची तर तिकीट काढण्याआधी कंपनीला लांबी आणि वजन सांगून विचारा. प्रत्येकीचे नियम आणि आकार निराळे, आणि लहान विमानात लांब सामान जातच नाही. विचारल्यावाचून विमानतळावर गेलात तर परत फिरायची वेळ यायची.

बांधाबांध आपल्या हातची. फिन काढा. वरचे मेण खरवडून टाका, उन्हाने वितळून सगळ्या कपड्यांना लागते. नाक, शेपटी आणि कडा यांना टॉवेल गुंडाळा. बंद गाडीत उन्हात फळी ठेवू नका, वरचा थर सुटतो. चीर पडली तर आत पाणी शिरून फळी जड होते, म्हणून आधी वाळवा, दुरुस्त करा, मगच पाण्यात न्या. पायाला बांधायची दोरी फळीच्या लांबीइतकी असावी.

आणि एक. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर खवळलेल्या समुद्रात जायचे नाही, फळी कितीही चांगली असो. एकटीनेही जायचे नाही.

जाऊबाईंनी लांब फळी गोव्यातल्याच एका शिकाऊ मुलीला दिली आणि त्या पैशांत थोडी भर घालून जुन्यातली साडेसात फुटी घेतली. ती पलंगाखाली जाते. भावोजींना गॅलरी परत मिळाली. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची लांबट गोधडी शिवली. "फळीला थंडी वाजते की काय!" असे म्हणत म्हणतच शिवली.

फेब्रुवारीत मुलाला भेटायला चेन्नईला गेल्या, तेव्हा फळी बरोबर नेली. जवळच कोवळमला सर्फिंग चालते. पहिला दिवस सगळा पडण्यात गेला. लाट उशिरा पकडावी लागते, पाय नेमका मध्यावर टाकावा लागतो, जुनी सवय आड येते. संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, "चुकलंच का हो माझं?" मी म्हटले, "नव्या कुकरचा पहिला भात बिघडतोच. उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी फोन मुलाचा आला. "काकू, आई उभी राहिली. आणि वळलीसुद्धा! मोठ्या फळीवर कधी वळली नव्हती."

मैत्रिणींनो, संसारात जागा कमी पडली की पहिली वस्तू बाहेर निघते ती बहुधा आपल्या हौसेची. काढण्याआधी एकदा टेप लावून पाहा. कदाचित दोन फूट कमी केले की भागेल.