आधी गोष्ट, मग अक्षर : बालवाचन चळवळीचा जाहीरनामा

दुसरीच्या वर्गात एक मुलगी उभी राहते आणि धडा घडाघडा म्हणून दाखवते. बोट ओळींवरून सरकत असतं, आवाज खणखणीत, कुठेही अडखळणं नाही. जरा जवळ जाऊन पाहिलं की लक्षात येतं, बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि आवाज पाचव्या. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा कोणता गं?" तर ती ओठ हलवत धड्याच्या पहिल्या शब्दापासून सुरुवात करते, मोजत मोजत त्या शब्दापर्यंत येते आणि तिथे चुकते.

तिने अख्खा धडा पाठ केला आहे. एवढं डोकं असलेलं मूल मठ्ठ कसं असेल? पण तिला वाचता येत नाही, आणि हे तिचं तिला ठाऊक आहे. आमच्यापैकी प्रत्येकाने ही मुलगी पाहिली आहे. कुणी तिला शिकवलं आहे, कुणाची ती लेक आहे. आमच्यातल्या काही जणींनी तिच्या प्रगतिपुस्तकात 'वाचन चांगले' असा शेराही लिहिला आहे. हा जाहीरनामा तिच्यासाठी आहे.

आम्ही म्हणजे जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक, अंगणवाडी सेविका, गावातली वाचनालयं सांभाळणारे, आईबाप आणि आज्या. आम्हाला संस्था काढायची नाही. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने पहिलीच्या वर्गात पाऊल टाकण्याआधी रोज एक गोष्ट पुस्तकातून ऐकलेली असावी, आणि मग अक्षरं त्याला नीट, अर्थ धरून शिकवलेली असावीत. यातलं एक सोडून दुसरं चालणार नाही.

ही घाई कशासाठी, असं कुणी विचारेल. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीच्या मुलांतही निम्म्याहून थोडी कमीच मुलं तो वाचू शकली. म्हणजे पाच वर्षं शाळेत येऊन, वह्या भरून, हजेरी लावूनही निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा परका वाटतो. आणि तिसरीनंतर शाळा वाचायला शिकवत नाही, वाचता येतं असं धरून चालते. भूगोल वाचायचा, गणितातलं उदाहरण वाचायचं, सूचना वाचायची. जो मागे राहिला तो सगळ्याच विषयांत मागे पडत जातो.

वाचनाची सुरुवात पाटीवर होत नाही, मांडीवर होते. मांडीवर बसून पुस्तक ऐकलेल्या मुलाला शाळेत येण्याआधीच बरंच काही कळलेलं असतं. त्या काळ्या रेघा बोलतात, आणि आज वाचल्या काय, उद्या वाचल्या काय, तेच बोलतात. पान कुठून उलटायचं ते कळतं. पुस्तकातली माणसं घरातल्यासारखं बोलत नाहीत हेही कानाला सवयीचं होतं. आटपाट नगर, घनदाट रान, कपटी कोल्हा हे शब्द स्वयंपाकघरात कोण उच्चारतं? ते गोष्टीतूनच येतात, आणि पुढे छापील पानावर भेटले की ओळखीचे वाटतात. न ऐकलेला शब्द मूल अक्षर अक्षर लावून उच्चारेलही, पण त्याच्या हाती काहीच लागणार नाही.

कानाची तयारीही अशीच व्हायला हवी. भेंड्या खेळताना 'पतंग' कशाने संपतो हे ज्याला पटकन ऐकू येतं, त्याला 'ग' हे अक्षर पुढे जड जात नाही. "घरातल्या 'प'च्या वस्तू सांग" म्हटलं की पाट, पोळी, परात, पलंग अशी रांग लागते. बडबडगीतं, कोडी, उखाणे हे आमच्या आज्यांचं भांडार आहे. त्यासाठी एक पैसा लागत नाही. मोबाइल हातात देऊन आपण ते बंद केलं, आणि मग पहिलीत मुलाला आवाज वेगळे ऐकू येत नाहीत म्हणून शिकवणी लावतो.

आता अक्षरांबद्दल, कारण नुसत्या गोष्टी ऐकवल्या की मूल आपोआप वाचू लागतं असं आम्ही मानत नाही. लिपी शिकवावीच लागते. देवनागरी मोठी प्रामाणिक लिपी आहे, पण मुलाच्या जागी बसून तिच्याकडे पाहा. चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर आकार, आणि त्यानंतर जोडाक्षरं. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांच्यात फरक किती बारीक! 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. 'सूर्य'मधला रफार बसतो 'य'च्या डोक्यावर आणि उच्चारायचा 'य'च्या आधी. 'चमचा'तला च आणि 'चंद्र'मधला च दिसायला सारखे, बोलायला वेगळे. सगळ्यात मोठा अडसर मोठ्यांच्या ध्यानातच येत नाही. मूल 'घ' म्हणतं, 'र' म्हणतं, दोन्ही बरोबर, आणि तरी त्यातून 'घर' निघत नाही. 'घर' बोलताना शेवटच्या 'र'मधला 'अ' आपण गिळतो. ते गिळणं कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. ओरडून ते येत नाही.

आणि आम्ही काय करतो? सगळी मुळाक्षरं आधी, मग सगळी बाराखडी, मग शब्द, मग कधीतरी वाक्य. महिनोन् महिने मूल आवाज काढतं, अर्थाचा एक घासही त्याच्या तोंडी पडत नाही. त्याऐवजी क, म, ल ही तीन अक्षरं आणि एक काना एवढंच द्या. काका, मामा, काम, काल, माल, मला, कमल, कमाल. आठ शब्द झाले! आठवड्याभरात मूल 'मामाला काम' असं स्वतः वाचतं आणि मान वर करून हसतं. ते हसू ज्याने एकदा पाहिलं तो पुन्हा 'अ ते ज्ञ'च्या रांगेत मुलाला उभं करणार नाही. थोडी अक्षरं, थोड्या मात्रा, लगेच शब्द, लगेच वाक्य, आणि मग पुढची अक्षरं.

हा शोध आमचा नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी वाचन कसं शिकवावं यावर अनेक वर्षं प्रत्यक्ष मुलांबरोबर काम केलं. पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' ही संस्था आदिवासी भागातल्या शाळांमध्ये गोष्टी आणि अक्षरं दोन्ही घेऊन पोचली. त्याच भागात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बालशिक्षणाचं काम उभारलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी, शाळा कुरणात गेली. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांनी 'दिवास्वप्न'मध्ये लिहून ठेवलं की वर्गाला आधी गोष्ट सांगा, पुस्तकं मुलं आपणहून मागतील. माधुरी पुरंदरे यांची 'वाचू आनंदे' आणि 'राधाचं घर' आमच्या घरात आहेत. वाट आहेच. तिच्यावरून फार थोडी मुलं चालली, हे आमचं दुःख आहे.

काही गोष्टींना आमचा सरळ नकार आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन चौकटीच्या वहीत पान पान गिरवायला लावणं आम्हाला मान्य नाही. त्याच्या बोटांना अजून माती, मणी आणि कणकेचा गोळा हवा आहे. वर्गासमोर उभं करून, चुकला की हसू देऊन वाचायला लावणं मान्य नाही. वाचनाची पहिली आठवण अपमानाची झाली तर ते मूल पुस्तकापासून जन्मभर लांब राहतं. आणि ज्या घरात इंग्रजीचं एक वाक्य बोललं जात नाही, तिथल्या मुलाला 'ए फॉर ॲपल' घोकायला लावून तो वाचायला शिकला असं म्हणणं, ही त्या मायबापांची फसवणूक आहे. इंग्रजीला आमचा विरोध नाही. ती यावी, चांगली यावी. पण वाचण्याची युक्ती मूल त्याच भाषेत शिकतं ज्या भाषेत ते भांडतं आणि स्वप्नं पाहतं.

हाच नियम आम्ही आमच्यावरही लावून घेतो. मेळघाटातलं कोरकू मूल, गडचिरोलीतलं गोंडी मूल, डहाणूतलं वारली मूल यांना पुस्तकातली मराठी ही दुसऱ्याची भाषा आहे. 'आजी' शब्द वाचायला लावण्याआधी त्यांच्या घरात आजीला काय म्हणतात ते बाईंना माहीत हवं. त्यांच्या गोष्टी त्यांच्या भाषेत वर्गात सांगितल्या गेल्या पाहिजेत, त्यांच्याच आयाआज्यांनी येऊन.

सरकारचं 'निपुण भारत' अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं, असं त्याचं उद्दिष्ट. ते आम्हाला मनापासून हवं आहे. मात्र मिनिटाला किमान ६० शब्द हे माप हाती आलं की शाळाशाळांतून घड्याळ लावून सराव सुरू होतो. आम्ही शिक्षकांना सांगतो, शब्द मोजण्याआधी मुलाला विचारा, "मग पुढे काय झालं?"

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे, त्यात गोष्टींची पुस्तकं असली पाहिजेत, असं त्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. कित्येक शाळांत पुस्तकं आहेतही, पण कपाटात. किल्ली मुख्याध्यापकांकडे, कारण पुस्तक हरवलं, फाटलं तर साठा नोंदवहीत काय दाखवायचं? आमची मागणी आहे की बालवाचनाच्या पुस्तकांची झीज शासनाने लेखी मान्य करावी. चावलेलं, फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं पुस्तक हा ते वाचलं गेल्याचा पुरावा समजावा. अंगणवाडीला पोषण आहाराइतकीच नियमित चित्रांची पुस्तकं मिळावीत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात एक सतरंजी सात वर्षांखालच्या मुलांसाठी अंथरलेली असावी, आणि तिथे 'शांतता राखा'ची पाटी नसावी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं हंगामभर कारखान्याजवळच्या कोप्यांत असतात, तिथे पुस्तकांची पेटी पोचावी. दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतात. १६ ऑक्टोबरला कपाट उघडं राहिलं का, हे शाळा व्यवस्थापन समितीने जाऊन पाहावं.

आम्ही स्वतः काय करणार? आमच्यातला प्रत्येक शिक्षक शाळेच्या वेळातली पंधरा मिनिटं रोज गोष्ट वाचून दाखवण्यासाठी ठेवेल, अभ्यासक्रम मागे राहिला तरी. प्रत्येक सेविका आठवड्यातून एकदा आयांना बोलावून पुस्तक कसं हाताळायचं ते दाखवेल. प्रत्येक घर महिन्याला एक पुस्तक विकत किंवा मागून आणेल आणि वाचून झालं की शेजारच्या घरी देईल.

ज्या आईला, ज्या आजीला वाचता येत नाही, तिला आम्ही सगळ्यात आधी बोलावतो. चित्रांचं पुस्तक घ्या. कुत्रा कुठे निघाला, तो का पळतोय, पोराला भूक लागली असेल का, एवढं विचारा. तुमची गोष्ट छापलेल्या गोष्टीपेक्षा वेगळी झाली तर काही बिघडत नाही. मूल तुमच्या कुशीत आहे आणि पुस्तक उघडं आहे, तेवढ्याने काम सुरू झालं.

पुस्तकच नसेल तर बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव, एसटीवरची पाटी, दुकानाचा फलक, रेशनकार्डावरचं मुलाचं स्वतःचं नाव. बोट धरून दाखवा, मोठ्याने वाचा. मुलाने तीच गोष्ट अकराव्यांदा मागितली तर अकराव्यांदा वाचा.

ज्यांना हे पटतं त्यांनी सही करायची गरज नाही. आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाला जवळ बोलवा.