नकाशात खनिज आहे, वस्ती कुठे?

झाशीत बेतवेची वाळू आणि ग्रॅनाइटची खडी सरकारी नोंदीत लगेच येते. शेजारची सहरिया वस्ती येत नाही. हा समाज ललितपुरात अनुसूचित जमाती, तर झाशीत अनुसूचित जाती ठरतो. उत्तर प्रदेशात पाचव्या अनुसूचीचे क्षेत्रच नाही. त्यामुळे गौण खनिजाच्या खाणपट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची करणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू नाही.

तरी एक वाट आहे. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा २१ दिवस लोकांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवावा लागतो. आपण घरातले पहिले पदवीधर; तो मसुदा वस्तीत वाचून दाखवू. पाणवठा, स्मशान, गायरान कुठे आहे ते लिहून हरकत नोंदवू. जमिनीचा वापर ठरवताना खनिज मोजता, मग माणसंही मोजा.